रक्ताला चालणारी कल्हई

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीत एक टिकटिक आहे. मनगटावरच्या जुन्या किल्लीच्या घड्याळासारखी, पण जरा बोजड. रात्री घर शांत झाले की शेजारी झोपलेल्याला ती स्पष्ट ऐकू येते. लहानपणी तिला घशाचा संसर्ग झाला, मग सांधे सुजले, ताप आला आणि गेला. त्या तापाने हृदयाची झडप खराब करून ठेवली होती, हे कळायला पुढची पंधरा वर्षे लागली. तोवर तिचे लग्न झाले होते, एक मुलगाही झाला होता. १९९८ मध्ये शस्त्रक्रिया करून तिला कृत्रिम झडप बसवली. ही टिकटिक त्या झडपेच्या चकतीची.

२००४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बहिणीचे सासर कोरेगाव तालुक्यात आहे. तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा रात्री तिच्या कुशीत झोपायचा. एका रात्री तो उठून बसला आणि म्हणाला, "आई, तुझी टिकटिक कुठे गेली?" दोन दिवसांपासून तिला धाप लागत होती, पण भात लावणीची कामे चालली होती, तिने अंगावर काढले होते. मुलाच्या त्या एका वाक्याने माझे मेहुणे मात्र घाबरले. रातोरात जीप ठरवून तिला पुण्याला आणले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, झडपेवर रक्ताची गुठळी धरली आहे, चकती धड उघडत नाही. गुठळी विरघळवणारे औषध सलाईनमधून सुरू झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा ती टिकटिक पुन्हा ऐकू आली. आधी दबकी, मग नेहमीसारखी.

झाले होते असे, की रोजची गोळी तिने तीन आठवडे बंद ठेवली होती. हिरड्यांतून रक्त येत होते आणि शेजारच्या काकूंनी सांगितले, "या गोळ्या उष्ण पडतात." ती गोळी म्हणजे आपण जिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतो ती. खरे तर ती रक्त पातळ वगैरे काही करत नाही. रक्त गोठवणारे काही घटक आपले यकृत 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने बनवते, ते काम ही गोळी मंद करते. मेथी-पालकात हे जीवनसत्त्व भरपूर. म्हणून पालेभाजी एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे या रुग्णांना चालत नाही. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. या दोहोंच्या मधल्या अरुंद बांधावरून माझी बहीण गेली पाव शतकाहून अधिक काळ चालते आहे.

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मला एकच प्रश्न छळत होता. ती चकती कार्बनची, आरशासारखी गुळगुळीत. गंजत नाही, झिजत नाही. मग रक्ताला तिचे वावडे का असावे?

याचे उत्तर शोधताना मला आमच्या वाड्यात येणारा कल्हईवाला आठवला. चामड्याचा भाता, कोळसा, नवसागराचा पांढरा धूर आणि तापलेल्या पितळी पातेल्यात कापसाच्या बोळ्याने भराभर फिरवलेले कथील. बिनकल्हईच्या पातेल्यात कढी केली तर ती कळकते, हे आईला ठाऊक होते. पातेले तेच, आकार तोच, पण आतला केसाहून पातळ थर बदलला की अन्नाशी त्याचे नाते बदलते. वैद्यकात गेली साठ वर्षे हीच खटपट चालू आहे. कृत्रिम झडप, डायलिसिसची नळी, हृदयातला स्टेंट, फुप्फुसाचे काम करणारे यंत्र, या साऱ्यांना रक्ताला चालेल अशी कल्हई हवी आहे.

निसर्गाने ती केलेली आहेच. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचा एकच थर असतो, जमिनीवर अंथरलेल्या फरशांसारखा. हा थर नुसता गुळगुळीत नाही, तो कामसू आहे. तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी सूक्ष्म प्रमाणात सोडतो, त्यामुळे रक्तातल्या बिंबिका म्हणजे प्लेटलेट त्याला चिकटत नाहीत. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामगिरीच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले, म्हणजे ज्या वर्षी बहिणीला झडप बसली त्याच वर्षी. शिवाय हा थर अंगावर हेपॅरिनच्या जातीच्या साखळ्या बाळगतो, गुठळी झालीच तर ती विरघळवणारे द्रव्य सोडतो, आणि इजा झाली तर स्वतःची डागडुजीही करतो. एका पेशीच्या जाडीत ही एवढी कामे! माणसाने केलेला कोणताही लेप यांतले एखादे काम करतो, फार तर दोन.

परकी वस्तू रक्तात आली की पहिल्या काही सेकंदांतच रक्तातली प्रथिने तिच्यावर जाऊन बसतात. हे नाट्य उलगडणाऱ्यांत लिओ व्रोमन यांचे नाव मोठे आहे. हा माणूस विलक्षण. जन्म हॉलंडमधला, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत होता, पुढे अमेरिकेत रक्तावर संशोधन केले, आणि डच भाषेतला नामांकित कवी म्हणूनही तो ओळखला जातो. व्रोमन यांनी दाखवले, की एक प्रथिन येऊन बसते, थोड्या वेळाने दुसरे येऊन त्याला उठवते, मग तिसरे. एस.टी.त खिडकीजवळच्या जागेवरून चालते तसे. म्हणजे रक्तपेशींना मूळ धातू किंवा प्लास्टिक दिसतच नाही. त्यांना दिसतो तो त्यावर बसलेला प्रथिनांचा थर. त्यात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन जाऊन बसले, की बिंबिकांना वाटते इथे जखम आहे, आणि त्या इमानेइतबारे गुठळीच्या कामाला लागतात. रक्ताचा यात काही दोष नाही. ते आपले कर्तव्य करत असते.

मग कल्हई कशाची करायची? पहिला उमेदवार होता हेपॅरिन. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्याला रक्त गोठवणारा पदार्थ शोधताना उलट रक्त न गोठू देणारा अर्क सापडला, आणि त्यातून पुढे हेपॅरिन आले. आजही ते मुख्यतः डुकराच्या आतड्यापासून काढतात. १९६३ मध्ये व्हिन्सेंट गॉट या शल्यचिकित्सकाने आणि सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या थरावर हेपॅरिन बसवून दाखवले. पण ते केवळ विद्युतभाराच्या ओढीने धरलेले होते, वाहत्या रक्तात हळूहळू धुऊन जाई.

बरे, पक्के चिकटवावे तर ते निकामी होई. याचे कारण मी वर्गात गाईच्या उदाहरणाने सांगत असे. गाईचे चारही पाय खुंटीला बांधले तर ती पळणार नाही हे खरे, पण चरणार कशी? तिला एका दाव्याने बांधावे लागते. हेपॅरिनची साखळी स्वतः गोठणे थांबवत नाही. रक्तातल्या एका प्रथिनाला पकडून ती त्याच्याकडून काम करून घेते, त्याला सोडते आणि दुसऱ्याला पकडते. त्यासाठी तिला हलायला मोकळीक हवी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या संशोधकांनी हेपॅरिनची साखळी फक्त एका टोकाने पृष्ठभागाला पक्की जोडली, बाकी साखळी रक्तात मोकळी डुलत राहिली. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्त शरीराबाहेर फिरवणाऱ्या यंत्रांच्या नळ्यांना आजही या तऱ्हेचा लेप देतात. कोविडच्या साथीत 'एक्मो' हे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले, त्याच्या नळ्याही बहुधा अशाच लेपाच्या. तरी रुग्णाच्या रक्तात वेगळे हेपॅरिन सोडावेच लागते. लेप मदत करतो, पण सगळा भार घेत नाही.

बहिणीच्या चकतीतला कार्बन आला तो चक्क अणुभट्टीच्या कामातून. अणुइंधनाच्या कणांना झाकण्यासाठी विशिष्ट पद्धतीने कार्बनचा थर देत असत. त्या क्षेत्रातल्या जॅक बोक्रॉस यांची गॉट यांच्याशी गाठ पडली, आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या कार्बनची झडप तयार झाली. हा कार्बन रक्ताला पुष्कळ मानवतो. पुष्कळ, पण पूर्ण नाही.

आपल्याकडे अशी झडप परदेशातून आणावी लागे आणि ती परवडत नसे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन यांनी स्वदेशी झडपेचे काम हाती घेतले. त्यांनी निरनिराळे पदार्थ वापरून पाहिले, नीलमणी म्हणजे कृत्रिम सॅफायरची चकतीसुद्धा, आणि ती सोडून दिली. शेवटी जी रचना टिकली तिच्यात चकती एका अतिचिवट प्लास्टिकची आणि कडे कोबाल्टच्या मिश्रधातूचे. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली, आणि आजवर एक लाखाच्या वर रुग्णांना बसली आहे. २०२४ मध्ये वलियाथन गेले. त्या झडपेला कार्बनचा लेप नाही. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण जे आपल्याला त्या काळी नीट करता येत नव्हते त्याच्या मागे न लागता त्यांनी जे जमते त्यातून टिकाऊ वस्तू केली. चकती प्लास्टिकची असल्याने तिचा आवाजही कमी. गोळी मात्र तिच्याही रुग्णाला रोज घ्यावी लागते.

आता गेल्या पंचवीस वर्षांत एकाच लेपाकडून अनेक कामे करून घेण्याची चढाओढ सुरू आहे. गुठळी होऊ नये, जंतू वाढू नयेत, आणि शरीराने ती वस्तू आपली मानून तिच्यावर आपल्या पेशींचा थर चढवावा. ही तीन मागणी ऐकायला सोपी, पण ती एकमेकींच्या पायात पाय घालतात.

एक उदाहरण सांगते. कृत्रिम झडपेला बाहेरून कापडाची पट्टी असते, त्या पट्टीतून टाके घालून ती हृदयात शिवतात. तिथे जंतुसंसर्ग झाला तर फार धोकादायक. म्हणून १९९७ च्या सुमारास परदेशातल्या एका कंपनीने त्या कापडाला चांदीचा लेप दिला. चांदी जंतूंना मारते हे आपल्या आजीलाही माहीत होते. 'सिल्झोन' असे त्या लेपाचे नाव. पण ज्या गुणाने चांदी जंतूंना वाढू देत नव्हती, त्याच गुणाने ती रुग्णाच्या पेशींनाही त्या कापडात रुजू देत नसावी. चाचणीत आढळले, की चांदीच्या झडपांच्या कडेने रक्त झिरपण्याचे प्रकार साध्या झडपांपेक्षा जास्त होत आहेत. जानेवारी २००० मध्ये कंपनीने त्या झडपा बाजारातून परत घेतल्या. रुग्णांच्या हृदयात बसलेल्या झडपा मात्र परत कशा घेणार?

स्टेंटचे तसेच झाले. धातूची नुसती जाळी बसवली तर तिच्याभोवती स्नायूपेशी वाढून वाहिनी पुन्हा अरुंद होते. त्यावर उपाय म्हणून सिरोलिमस नावाच्या औषधाचा लेप आला. हे औषध मुळात ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जीवाणूपासून मिळालेले, आणि ते शोधण्यात अविभाजित पंजाबात जन्मलेल्या सुरेन सेहगल यांचा मोठा वाटा. २००३ मध्ये असा स्टेंट अमेरिकेत मान्य झाला आणि जगभर हातोहात खपू लागला. २००६ मध्ये मात्र काळजीचा सूर निघाला, की बसवल्यानंतर वर्षाने-दोन वर्षांनी यांत अचानक गुठळ्या होत आहेत. औषध स्नायूपेशींना थोपवत होते आणि त्याच वेळी जो पेशींचा अस्तर धरायला हवा होता, त्यालाही थोपवत होते. पुढचे स्टेंट पातळ तारांचे, सुधारलेल्या लेपांचे आले आणि धोका बराच कमी झाला. तरीही बसवल्यानंतर काही महिने, अनेकदा वर्षभर, दोन-दोन गोळ्या घ्याव्या लागतात. आपल्याकडे स्टेंटची चर्चा झाली ती किमतीवरून. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये बांधली. पण लेपावर काय आहे, हे विचारणारा नातेवाईक मी अजून पाहिला नाही.

मग कुणीतरी दोन कामे दोन बाजूंना वाटून दिली. जाळीच्या वाहिनीला टेकणाऱ्या बाजूवर औषध, आणि रक्ताकडच्या बाजूवर असे प्रतिपिंड, की जे रक्तातून वाहणाऱ्या अस्तर-पेशींच्या पूर्वजांना पकडून तिथेच बसवतील. कागदावर किती सुंदर कल्पना! मीही ती वाचून हरखले होते. २०२१ मध्ये डेन्मार्कमधल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या तुलनेचे निकाल आले, त्यात हा दुहेरी स्टेंट वर्षभराच्या हिशेबात नेहमीच्या आधुनिक स्टेंटच्या तोडीस उतरला नाही. पकडायला लावलेल्या हाताला हव्या त्या पेशींबरोबर इतर पेशीही लागतात, ही एक अडचण. जिवंत रक्त प्रयोगशाळेतल्या रक्तासारखे वागत नाही, हे तर प्रत्येक पिढीला नव्याने कळते.

काही गोष्टी जमल्याही आहेत. मोठ्या शिरेत घालायच्या नळ्यांना क्लोरहेक्झिडीन आणि चांदीच्या संयुगाचा लेप देतात, त्याने रक्तातला जंतुसंसर्ग कमी होतो. या नळ्या काही दिवसांच्या सोबती, त्यामुळे पेशी रुजण्याची अपेक्षाच नाही. जपानमधल्या संशोधकांनी आपल्याच पेशींच्या आवरणातल्या रेणूची नक्कल करून एक बहुवारिक बनवले. ते पाणी इतके घट्ट धरून ठेवते की प्रथिनांना बसायला जागाच मिळत नाही. एस.टी.त सगळ्या बाकांवर आधीच रुमाल टाकलेले, म्हणा ना. हृदयाला मदत करणाऱ्या पंपाच्या आत हा लेप वापरला गेला आहे. नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या लेपांवरही पुष्कळ काम चालू आहे. त्यांतला साठवलेला वायू संपला की लेप मुका होतो, म्हणून रक्तातल्याच घटकांपासून तो वायू सतत तयार करणाऱ्या तांब्याच्या संयुगांचे प्रयोग होतात.

आणि बहिणीची झडप? तिथे कसोटी फार कठीण. मिनिटाला ७२ ठोके धरले तर चकती दिवसाला एक लाखाच्या वर, आणि वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा उघडते-मिटते. वीस-तीस वर्षे टिकेल, घासून निघणार नाही, त्याचा तुकडा उडून मेंदूत जाणार नाही, असा नाजूक लेप कोण देणार? मध्यंतरी वाटले, लेप नाही तर निदान गोळी तरी सोपी होईल. वारंवार तपासणी न लागणारी नवी औषधे आली होती. त्यांतल्या एकाची कृत्रिम झडपांच्या रुग्णांवर चाचणी घेतली, पण जुन्या गोळीच्या तुलनेत गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त दिसल्याने ती २०१२ मध्ये थांबवावी लागली. तेव्हा परत तीच जुनी गोळी आणि तीच सुई.

यात मला एक खंत वाटते, ती बोलून टाकते. श्रीमंत देशांत झडप बदलणारे बहुतेक जण वयस्क असतात. त्यांना प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप चालते, तिला ही गोळी जन्मभर लागत नाही. तरुण शरीरात ती झडप लवकर खराब होते. आपल्याकडे तापाने झडप गेलेले रुग्ण विशी-तिशीतले, त्यांत बायका पुष्कळ, आणि घरची परिस्थिती बेताची. ही गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, आणि बंद करावी तर आईच्या झडपेवर गुठळी. माझ्या बहिणीला मुलगी हवी होती. डॉक्टरांनी दोन्ही धोके समोर ठेवले आणि नवरा-बायकोने एका मुलावर थांबायचे ठरवले. ती त्याबद्दल फारसे बोलत नाही. शोधनिबंध वाचताना मात्र मला प्रत्येक वेळी ते आठवते. तिथे लिहिलेले असते, रुग्णाने जन्मभर औषध घेणे आवश्यक. म्हणजे पृष्ठभागाला जे काम जमले नाही ते माणसाच्या अंगावर टाकले. तेही अशा माणसाच्या, की ज्याला तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी जावे लागते.

बहिणीकडे एक दोनशे पानी वही आहे. आता तिसरी चालू आहे. तारीख, तपासणीचा आकडा, गोळी किती, असे तीन रकाने. आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये असावा, असे पहिल्याच पानावर तिच्या मुलाने लहानपणी लाल पेनाने लिहून ठेवले आहे. तो आता नोकरीला लागला, पण गावी गेला की वही उघडून बघतो.

या भाषणाची तयारी करताना मी तिला फोन केला होता. म्हटले, रेडिओवर तुझ्या झडपेविषयी बोलणार आहे. ती हसली. मग म्हणाली, "ताई, तू मागे सांगत होतीस त्या नव्या लेपाचं काय झालं?" मी सांगितले, झडपेसाठी अजून नाही आला. "बरं," ती म्हणाली, "मग मंगळवारी साताऱ्याला जाऊन येते. आकडा नीट आला तर फोन नाही करायची."